हात पुढं केल्याशिवाय

गुरुजींच्या हातात कुणी चहाचा कप दिलेला मी कधी पाहिला नाही. कप द्यायचा नाही, ठेवायचा. पाण्याच्या टाकीला लागून एक बुटकी भिंत होती, तिच्यावर ठेवून आपण बाजूला व्हायचं. मग ते हातातलं काम संपवणार, हात धुणार, मानेवरच्या दुपट्ट्याला पुसणार आणि येऊन आपल्या हातानं कप उचलणार. तोवर चहावर साय धरलेली. मी नवीन होते तेव्हा एकदा कौतुकानं कप त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात मागं घेतला, कप खाली पडला. मला वाटलं, आता ओशाळतील. कसलं काय!

"म्या हात पुढं केला होता का?" म्हणाले. "भिंत काय शोभेसाठी बांधली हाय?"

मी शिलाई शिकवते आणि तोंडाची फटकळ आहे. मी म्हटलं, "मग आता तुकडे बी तुम्हीच उचला." तर त्यांनी खरंच उचलले, एकेक करून, शांतपणे. भांडणाची मजाच घालवली मेल्यानं.

आमचं केंद्र बालाघाटच्या टोकाला, वैनगंगेच्या अंगाला. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हातपाय साथ देत नाहीत, ज्यांची समज लेकरासारखी राहिली, असे सगळे मोठे लोक तिथं काम शिकायला यायचे. शिलाई माझ्याकडे, बगिचा गुरुजींकडे. रोपं तयार करायची, पिशव्या भरायच्या, झेंडू-मिरची-वांगी बाजारात पाठवायची. गुरुजींची सगळी नोकरी मलाजखंडला तांब्याच्या खाणीच्या कॉलनीत साहेब लोकांचे गुलाब सांभाळण्यात गेली होती. निवृत्त झाले आणि इकडं आले. "तिथं बरं होतं," असं कधीमधी म्हणायचे. "गुलाबाले कोनी बेचारा म्हनत नाही."

हा 'बेचारा' शब्द त्यांना खपत नसे. पाहुणे यायचे, केळी वाटायचे, मोबाइलवर रील काढायचे. एकदा एक जाडजूड बाई फागुलालच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बेचारे को दिखता भी नहीं." फागुलाल तिरोडीचा, लहानपणी तापात डोळे गेलेले, चाळिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप. त्याच्या डोक्यावरून हात! गुरुजी खुरपं घेऊन तिच्यासमोर उभे. "बेचारा कौन? नाम बताइए." बाई गडबडली. "नाम नहीं मालूम? तो बैठिए, घास निकालिए. नाम मालूम हो जाएगा." आणि बसवलं हो तिला! रेशमी साडी आवरत ती वाफ्यात बसली, फागुलाल तिला बोटांनी चाचपून दाखवत होता कुठलं गवत आणि कुठलं रोप. आम्ही खिडकीत तोंडाला पदर लावून हसत होतो. नंतर संस्थेच्या अध्यक्षांनी गुरुजींना बोलावून झापलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. सुधारले मात्र नाहीत.

भर उन्हाळ्यात माकडटोपी घालायचे. खिशात मिठाची पुडी, काकडी दिसली की तोडून मीठ लावून उभ्या उभ्या खायची, तेच जेवण. एका हातानं काम करणारी एक पोरगी आली तेव्हा त्यांनी स्वतःचा उजवा हात पाठीमागं बांधून घेतला आणि कितीतरी दिवस तसेच वावरले, पिशवी कशी धरायची ते समजेपर्यंत. मग फागुलालसाठी डोळ्यांवर दुपट्टा बांधला आणि निघाले रोपं चाचपत, ते थेट शेणखताच्या खड्ड्यात. फागुलाल काठी टेकत खड्ड्याच्या काठावर आला. म्हणाला, "हाथ आगे करो गुरुजी, तब दूँगा." अख्खं केंद्र हसलं. गुरुजीही हसले, पण हात पुढं केला नाही. गुडघे टेकत, घसरत, आपले आपण वर आले. मांडीपर्यंत शेण. फागुलाल हात द्यायला उभाच राहिला होता.

कारण बगिच्याचा कायदाच तो होता. कुणी पडलं तर उचलायचं नाही. धावायचंसुद्धा नाही. जवळ जाऊन बसायचं. त्यानं हात पुढं केला तरच हात द्यायचा. केल्याशिवाय अंगाला बोट लावायचं नाही. गुरुजींचं म्हणणं असं की आपल्या लोकांना जन्मभर सगळे पोत्यासारखे उचलतात, इथून तिथं ठेवतात. विचारत कुणी नाही. त्यांची आई म्हातारपणी आंधळी झाली होती. एका लग्नात दोन पोरांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि जीपमध्ये नेऊन बसवलं, चांगल्या मनानंच. तिला अजून मांडवात बसायचं होतं, बायकांची गाणी ऐकायची होती. "घरी येईपर्यंत माय बोलली नाही," गुरुजींनी मला सांगितलं होतं. "मंग म्हणे, मी मेली का रे? मेल्या मानसाले तसं उचलतेत." हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा मिरचीच्या वाफ्याकडं वळले.

मला तो कायदा पटायचा नाही. आजही पुरता पटत नाही. पण दुर्पतामध्ये त्यानं काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून गप्प बसते.

दुर्पता लामत्याकडची. वय पंचविशीचं असेल, समज चार वर्षांच्या पोरीची. आईबाप गेलेले, भावाकडं राहायची. तिला घेऊन भाऊ आला तेव्हा तिच्या घोट्याभोवती काळं कडं होतं. मला आधी वाटलं तोडा घालून घालून पडलेला डाग आहे. तो दोरीचा होता.

मी त्याच्यावर तोंड सोडणार तेवढ्यात तोच बोलला. "शौक नाही वो बाई मले. मी अन् बायको धानाच्या रोवणीले जातो. हे उठते अन् रेल्वेच्या पटरीवर जाऊन बसते. लोकायनं कित्येकदा आणून देली. बांधू नाही तं काय करू? सांगा तुम्हीच." त्याचे हात चिखलानं फुटलेले होते.

गुरुजी म्हणाले, "इथं ठेव. जोवर हा बगिचा हाय, तोवर हिच्या पायाले दोरी लागनार नाही. कबूल?"

"अन् बगिचा नसला तं?"

"मी हाय ना," गुरुजी म्हणाले.

केंद्रात बायकांची एक खोली होती, तिथं दुर्पता राहू लागली. सुरुवातीला ती काहीच मागायची नाही. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर तशीच. ऊन आलं तर उन्हात. एक दिवस ती बगिच्याच्या नालीत पडली. नाली गुडघ्याएवढीच, पण चिखलाची. मी खिडकीतून पाहिलं आणि धावत सुटले. "बाई, हात मागं!" गुरुजी ओरडले. ते नालीच्या काठावर उकिडवे बसले होते, नुसते. दुर्पता पडल्या जागी पडून होती. कुणीतरी काखेत हात घालील आणि उचलील, जन्मभर तसंच होत आलं होतं. "उठाचं हाय? तं हात पुढं कर," गुरुजी म्हणत होते. पुन्हा पुन्हा, एकाच सुरात. मी त्यांना नाही नाही ते बोलले. माणूस आहात की राक्षस, इथपर्यंत. ते माझ्याकडं बघायला तयार नाहीत.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चिखलातून तिचा हात वर आला. अर्धवट, पण आला. गुरुजींनी झडप घालून धरला. ती उठली. ते शाबास म्हणाले नाहीत, काही नाही. "आता धुऊन घे," एवढंच. पण भिंतीवरचा चहा त्या दिवशी त्यांनी दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसत प्यायला, हे मी पाहिलं.

त्यानंतर दुर्पता प्रत्येक गोष्टीला हात पुढं करायची. भात हवा, हात पुढं. झारी हवी, हात पुढं. बसल्या जागेवरून उठायचं, हात पुढं. तिच्याजवळ शब्द मोजकेच होते, पण हे एक सांगणं तिला सापडलं होतं आणि ते तिनं सोडलं नाही. माझ्याकडं हात करायची तेव्हा मी मशीन टाकून उठायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

बगिच्यातलं एक काम ती गुरुजींपेक्षा मन लावून करायची. झेंडूची रोपं ट्रेमधून काढून पिशवीत लावली की दुपारी माना टाकतात. सुरुवातीला दुर्पता घाबरायची. प्रत्येक रोपाला बोटानं सरळ करायची, ओढायची, दाबायची, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी मेलेली. गुरुजींनी तिला शेजारी बसवून शिकवलं. "पडलं तं पडू दे, माय. हात लावला का मरते. वरून सावली कर, पानी शिंपड, अन् बाजूले बस. त्याचं त्याले उठू दे." हे तिच्या मनात इतकं बसलं की विचारू नका. चार काड्या रोवायच्या, वर हिरवी जाळी टाकायची, झारीनं भुरभुर पाणी मारायचं. ऊन सरकलं की काड्या उपटून जाळी सरकवायची. संध्याकाळी रोपांनी माना वर केल्या की टाळ्या.

आता त्या दिवसाचं सांगते. सांगावं लागणारच आहे.

ऊन मी म्हणत होतं. वीज गेली, पंखे बंद पडले आणि त्या शांततेत मला जाणवलं की बगिच्यातून गुरुजींचा ओरडा बराच वेळ आला नाही. गुरुजी बगिच्यात असून ओरडा नाही, असं व्हायचंच नाही. मी बाहेर आले. शेडच्या मागं मिरचीच्या वाफ्याजवळ सगळे जण गोल करून बसले होते. मला वाटलं काहीतरी शिकवणं चाललंय.

मधोमध गुरुजी पडले होते. एका कुशीवर, माकडटोपी बाजूला गेलेली, तोंड वाकडं झालेलं. डोळे उघडे. त्यांच्यावर चार काड्यांवर हिरवी जाळी टाकली होती. अंगाभोवतीची माती भिजवलेली, कपाळावर पाण्याचे थेंब. उशाला दुर्पता झारी घेऊन बसली होती, आणि तिचा चेहरा संध्याकाळी रोपांकडं बघताना असायचा तसा.

फागुलालनं माझी पावलं ओळखली. हळूच म्हणाला, "गुरुजी गिर गए हैं, मैडम. हाथ अभी तक आगे नहीं किया."

मी खाली पाहिलं. ओल्या मातीत काड्यांची जुनी भोकं दिसत होती. एका जागी चार, त्याच्या पुढं चार, त्याच्या पुढं आणखी. ऊन सरकेल तशी जाळी सरकवत ते सगळे तिथं बसून होते. गुरुजींनी शिकवलं होतं अगदी तसं. एकाचंही काही चुकलं नव्हतं.

"अरे उचला! उचला ना रे त्याले!" मी किंचाळले. कुणी हललं नाही. ते माझ्याकडं असे बघत होते की जणू मीच कायदा मोडायला आले आहे. फागुलालनं विचारलं, "हाथ आगे किया क्या?"

"हौ," मी म्हटलं. "केला. माझ्याकडं केला. आत्ताच केला."

तेव्हा कुठं सगळे एकदम उठले. किती जपून उचललं त्यांनी गुरुजींना! मी तरी कुठल्या माणसाला इतकं हळुवार उचललेलं पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, फार उशीर केलात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावी बाजू शाबूत आहे. लवकर आणलं असतं तर पुष्कळ काही वाचलं असतं. गुरुजींचा मुलगाही तिथं आला होता. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "पागलों के बीच छोड़ दिया था बाबूजी को." मी त्याला काय समजावणार? की ते पागल नाहीत, तुझ्या बापाचे आज्ञाधारक विद्यार्थी आहेत?

गावात तर त्याहून वाईट. वेड्यांनी म्हाताऱ्याला भर उन्हात पाडून ठेवलं, वर पाणी ओतत बसले, खेळ केला, असं बाजारात बोलू लागले. संस्थेच्या लोकांची बैठक झाली. मी तिथं ओरडून सांगितलं की त्यांनी सावली केली नसती तर गुरुजी तिथंच उन्हात गेले असते. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, भावना समजतात." हे वाक्य ऐकलं की मला आजही दगड उचलावासा वाटतो. बगिचा बंद झाला. जाळ्या उतरवल्या, टाकी कोरडी केली, ज्याला त्याला घरी पाठवलं. शिलाई राहिली, कारण शिलाई खोलीच्या आत होते.

दुर्पताला न्यायला भाऊ आला. तिचं बोचकं मीच बांधलं. मी म्हटलं, "मी सांभाळते तिले." तो म्हणाला, "रात्रंदिवस सांभाळसान का, बाई? खरं सांगा." माझ्या दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेली सासू, दिवसभराचं काम. मी खरं सांगितलं. त्यानं मान हलवली. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर वाईट.

मी गुरुजींकडं जायचे, गावातल्या त्यांच्या मुलाच्या घरी. सून चांगली, सेवेत कसर नाही. पण न विचारता कूस बदलायची, न विचारता टोपी काढायची, न विचारता तोंडात चमचा. गुरुजी दात घट्ट मिटून घ्यायचे. दलिया गळ्यावरून ओघळायचा. ती म्हणायची, "देखिए ना, बच्चे जैसी ज़िद." मी चहा घेऊन डाव्या हाताजवळ स्टुलावर ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. बऱ्याच वेळानं तो हात यायचा, कप धरायचा. अर्धा सांडायचा, अर्धा प्यायचे. सून चादरीवरून रागवायची.

चांगला होता तो डावा हात. डॉक्टरचं वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. शेवटी एक दिवस सून आत गेलेली पाहून मी विचारलंच. "गुरुजी, हा हात तं चालत होता ना त्या दिवशी? ते सगळे तुमच्या एका हाताची वाट पाहत बसले होते. काहून नाही केला पुढं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाहतच राहिले. करता आला नाही, की डोकंच जागेवर नव्हतं, की शेणाच्या खड्ड्यातून वर आले तसे तिथूनही आपले आपण उठणार होते? मला कळलं नाही. राग आला. त्यांच्यावर इतका राग मला त्या फुटक्या कपाच्या दिवशीसुद्धा आला नव्हता. मी म्हटलं, "दुर्पताले घेऊन गेला तिचा भाऊ." त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पुसलं नाही. हात पुढं केला असता तर पुसलं असतं. बसून राहिले, वाट पाहत. तो हात चादरीवर तसाच पडून होता.

पावसाळा सरता सरता गुरुजी गेले. चार जणांनी उचललं, खांद्यावर घेतलं, नेलं. मला त्यांच्या आईची गोष्ट आठवली आणि मी रस्त्यातच रडायला लागले.

दुर्पताला कुणी सांगणार नाही, म्हणून मी लामत्याला गेले. स्टेशनवरून विचारत विचारत घर शोधलं. अंगणाच्या कडेला, रस्त्याजवळ, कडुनिंबाच्या बुंध्याशी ती बसली होती. दोरी घोट्याला होती. खाली चिंधी गुंडाळली होती, काचू नये म्हणून. भावानंच गुंडाळली असणार.

तिचा उजवा हात पुढं होता. तळवा वर, कोपर गुडघ्यावर टेकलेलं. हातात एक बिस्किट. समोर धुळीत आणखी बिस्किटं पडलेली, त्यांना मुंग्या लागलेल्या.

भावाची बायको शेतावरून नुकतीच आली होती, पायांवरचा चिखल वाळलेला. मला पाहून ओशाळली. "दिवसभर असाच हात करून बसते, बाई. जाणारे-येणारे भिकारीण समजतेत. कोनी बिस्किट देते, कोनी रुपया टाकते. आम्हाले शरम वाटते वो. आम्ही काय उपाशी ठेवतो का तिले? पोटभर घालतो. तरी हात काही खाली घेत नाही."

दुर्पतानं मला ओळखलं. हात आणखी थोडा पुढं आला. बिस्किट खाली पडलं.

गुरुजींचं सांगायला गेले होते, ते राहूनच गेलं. मी माझा हात दिला. तिनं तो घट्ट धरला, जोर लावला आणि उठली. तिला उठायचं होतं, बाकी काही नको होतं. मग आम्ही दोघी अंगणात चाललो, दोरी पुरेल तिथवर.